टपालपेटी अडते तेव्हा

(संगणकावरील ई-मेलचा प्रोग्राम नव्याने सुधारून घेतला की कधी कधी तो अडून बसतो. अशा वेळी घाबरून न जाता दोष कसा शोधावा आणि साठवलेली पत्रे कशी वाचवावीत, हे या पाठात सांगितले आहे. दोष शोधण्याची ही रीत केवळ संगणकापुरती नाही. ती इतर अनेक ठिकाणी उपयोगी पडते.)

मित्रांनो, टपालाने पाठवलेले पत्र पोहोचायला दोन-चार दिवस लागतात. ई-मेल मात्र काही क्षणांत सातासमुद्रापार जातो. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन नावाच्या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाळ्यामार्फत पहिला ई-मेल पाठवला. गंमत अशी, की ते दोन्ही संगणक एकाच खोलीत शेजारी शेजारी होते! माणसाचे नाव आणि संगणकाचे नाव वेगळे ओळखू यावे म्हणून त्याने दोहोंच्या मध्ये 'ॲट' हे चिन्ह घातले. तेच चिन्ह आजही प्रत्येक ई-मेलच्या पत्त्यात असते. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेड या कंपनीने सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली. त्यानंतर ई-मेल हळूहळू कचेऱ्यांत, दुकानांत आणि घरांत येऊन पोहोचला.

ई-मेल वाचण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ब्राउझरमधून थेट आपले खाते उघडणे. दुसरा म्हणजे संगणकावर खास त्या कामाचा प्रोग्राम बसवणे. हा प्रोग्राम पत्रे आणतो, ती नीट लावून ठेवतो आणि इंटरनेट बंद असतानाही वाचू देतो. 'थंडरबर्ड' हा असाच एक प्रोग्राम आहे. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ साली आली. तो विनामूल्य मिळतो, म्हणून लहान कचेऱ्यांत आणि दुकानांत तो वापरणारे पुष्कळ आहेत. या पाठात आपण त्याचेच उदाहरण घेऊ.

समजा, मालेगावात तुमच्या चाचांचा यंत्रमागाचा कारखाना आहे. कापडाच्या मागण्या, व्यापाऱ्यांची बिले, बँकेची पत्रे हे सगळे ई-मेलने येते. दुबईत नोकरी करणाऱ्या मामूंनी पाठवलेली पत्रे आणि फोटोही त्याच संगणकात आहेत. दहा वर्षांचा हा सगळा ठेवा आहे. एके दिवशी 'नवीन आवृत्ती आली आहे' अशी सूचना पडद्यावर दिसते. चाचा 'होय' म्हणतात. नवीन आवृत्ती बसते आणि प्रोग्राम उघडताच पडदा थिजतो. माऊस हलतो, पण काहीच उघडत नाही, काहीच बंदही होत नाही. 'संगणक हँग झाला,' असे सगळे म्हणू लागतात. संध्याकाळपर्यंत सुरतेच्या व्यापाऱ्याला उत्तर द्यायचे असते. आता काय करावे?

अशा वेळी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. कोणी म्हणतो, "प्रोग्राम काढून टाका." कोणी म्हणतो, "सगळा संगणकच फॉर्मॅट करा." तुम्हांला उंटावरच्या शहाण्याची गोष्ट ठाऊक असेल. वासराचे डोके रांजणात अडकले होते. शहाण्याने आधी वासराची मान कापायला सांगितली आणि मग डोके काढण्यासाठी रांजण फोडायला सांगितले. वासरूही गेले आणि रांजणही गेला! घाईने फॉर्मॅट करणे हे तसेच आहे. प्रोग्राम परत मिळेल. पण दहा वर्षांची पत्रे परत मिळतीलच असे नाही.

थिजणे म्हणजे काय?

पोस्टातल्या एका खिडकीची कल्पना करा. खिडकीवर एकच कारकून आहे. तोच तिकिटे विकतो, तोच पार्सल घेतो. कोणी जुने पार्सल मागितले, की तो उठून आत गोदामात जातो. तो परत येईपर्यंत खिडकीसमोरची रांग जागच्या जागी उभी राहते. कारकून पळून गेलेला नसतो, तो आत काम करत असतो. पण रांगेतल्या माणसाला वाटते, की पोस्ट बंद पडले.

संगणकाच्या प्रोग्रामचे असेच आहे. तुमची टिचकी ऐकणारा भाग एखाद्या लांबलचक कामात अडकला, की पडदा थिजतो. एखादी खिडकी सुमारे ५ सेकंद उत्तर देत नसेल, तर विंडोज तिच्या वरच्या पट्टीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' असे शब्द दाखवते. त्याचा अर्थ 'उत्तर मिळत नाही' एवढाच आहे. 'प्रोग्राम मेला' असा त्याचा अर्थ नाही. काम खरोखर चालू आहे की कारकून आत झोपी गेला आहे, हेच आपल्याला शोधायचे असते.

मग सुधारणा करावीच कशाला?

तुम्ही म्हणाल, "जुना प्रोग्राम चांगला चालला होता. नवीन आवृत्ती घेतलीच कशाला?" प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर दोन घटनांवरून समजेल.

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोजमधील एक धोकादायक फट बुजवणारी सुधारणा दिली. अनेकांनी ती बसवली नाही. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा घातक प्रोग्राम त्याच फटीतून जगभर पसरला. त्याने लोकांच्या फाइली कुलूपबंद केल्या आणि किल्लीसाठी खंडणी मागितली. ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांचे काम त्यामुळे कोलमडले. ज्यांनी वेळेवर सुधारणा केली होती, त्यांच्या संगणकांतली ती फट आधीच बुजलेली होती.

दुसरी घटना उलट आहे. १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक' या कंपनीने आपल्या सुरक्षा प्रोग्रामसाठी एक सुधारणा पाठवली. तिच्यातच चूक होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक तिच्यामुळे बंद पडले. विमानतळांवर प्रवाशांच्या रांगा लागल्या.

म्हणजे सुधारणा आवश्यक आहे, पण ती कधी कधी त्रासही देते. म्हणून सुधारणा टाळणे हा उपाय नव्हे. सुधारणेपूर्वी आपली पत्रे जपून ठेवणे आणि नंतर काही बिघडले तर शांतपणे शोध घेणे, हाच खरा उपाय.

पत्रे कुठे राहतात?

शोधाला लागण्यापूर्वी एक गोष्ट पक्की समजून घ्या. प्रोग्राम वेगळा आणि पत्रे वेगळी. कपाट आणि कपाटातले कागद जसे वेगळे, तसेच हे आहे. थंडरबर्ड तुमची पत्रे, पत्ते, खाती आणि सगळ्या आवडीनिवडी 'प्रोफाइल' नावाच्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो. विंडोजमध्ये हे फोल्डर 'ॲपडेटा' नावाच्या फोल्डरच्या आत 'रोमिंग' आणि त्याच्या आत 'थंडरबर्ड' येथे असते. 'ॲपडेटा' हे फोल्डर एरवी लपवलेले असते. म्हणून पुष्कळांना ते कधी दिसतच नाही.

प्रोग्राम काढून पुन्हा बसवला, तरी साधारणपणे प्रोफाइल तसेच राहते. यातून दोन गोष्टी निघतात. प्रोग्राम पुन्हा बसवल्याने पत्रे सहसा जात नाहीत, हे चांगले. पण दोष प्रोफाइलमध्येच असेल, तर प्रोग्राम दहा वेळा बसवूनही तो दोष जात नाही, हेही खरे. कपाट बदलले तरी फाटलेला कागद फाटलेलाच राहतो.

आणखी एक भेद लक्षात घ्या. पत्रे आणण्याच्या दोन पद्धती आहेत. 'आयमॅप' पद्धतीत मूळ पत्र दूरच्या सर्व्हरवर राहते आणि तुमच्याकडे त्याची प्रत येते. 'पॉप' पद्धतीत पत्र तुमच्या संगणकावर उतरवले जाते आणि नंतर ते सर्व्हरवरून काढून टाकले जाऊ शकते. चाचांचे खाते 'पॉप' पद्धतीचे असेल, तर जुनी पत्रे जगात फक्त त्या एकाच संगणकात असतील! म्हणून पहिल्यांदा दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर ब्राउझरमधून खाते उघडून पाहा. पत्रे तिथे दिसली, तर जीव भांड्यात पडेल. शिवाय व्यापाऱ्याला उत्तरही तिथूनच देता येईल. तातडीचे काम आधी उरकले, की मग डोके शांत ठेवून शोध घेता येतो.

पहिली पायरी : धीर धरा आणि पाहा

नवीन आवृत्ती पहिल्यांदा उघडते, तेव्हा ती काही घरकाम करते. उदाहरणार्थ, २०२० साली आलेल्या ७८ व्या आवृत्तीने पत्त्यांची वही जुन्या साच्यातून नव्या साच्यात उतरवली. पत्रांची शोधसूचीही कधी कधी नव्याने तयार होते. पत्रे हजारो असतील, तर या कामाला वेळ लागतो. म्हणून लगेच संगणकाचे बटण दाबून तो बंद करू नका. अर्धवट लिहिलेली फाइल तशीच तुटून पडेल आणि साधा दोष मोठा होईल.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. 'टास्क मॅनेजर' उघडेल. त्यात प्रत्येक प्रोग्राम किती काम करतो आहे, याचे आकडे दिसतात. थंडरबर्डसमोरचे आकडे वरखाली होत असतील, तर कारकून गोदामात काम करतो आहे. अर्धा-पाऊण तास वाट पाहा. आकडे बराच वेळ शून्यावरच राहिले, तर तो खरोखर अडकला आहे. मग तिथूनच 'एंड टास्क' म्हणून तो प्रोग्राम बंद करा.

दुसरी पायरी : आधी जतन, मग दुरुस्ती

प्रोग्राम पूर्ण बंद झाला, याची खात्री करा. मग प्रोफाइलचे सगळे फोल्डर जसेच्या तसे पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. प्रत उघडून पाहा. फाइली खरोखर आल्या आहेत ना, तिचा आकार मूळ फोल्डरएवढा आहे ना, हे तपासा. हे होईपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावू नका. ही पायरी कंटाळवाणी वाटते. पण सगळ्या पायऱ्यांमध्ये हीच मोलाची आहे. एकदा प्रत हाती आली, की पुढे काहीही चुकले तरी तुम्ही जिथे होता तिथे परत येऊ शकता.

तिसरी पायरी : एका वेळी एकच गोष्ट

मागावर कापड विणताना धागा तुटला, तर विणकर काय करतो? तो माग थांबवतो. ताणा तुटला की बाणा, हे पाहतो. तुटलेले टोक शोधतो आणि तिथेच गाठ मारतो. सगळे कापड कापून टाकत नाही. आपणही तसेच करायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि प्रोग्राम चालू लागला, तर दोष कशात होता हे कधीच कळणार नाही.

सर्वांत सोपी चाचणी इंटरनेटची. वाय-फाय बंद करा किंवा जाळ्याची तार काढा आणि मग प्रोग्राम उघडा. आता तो थिजत नसेल, तर दोष पत्रांच्या साठ्यात नाही. तो सर्व्हरशी होणाऱ्या बोलण्यात आहे. खात्याचा पासवर्ड, सर्व्हरचे नाव किंवा संगणकाची संरक्षक भिंत म्हणजे फायरवॉल तपासा. इंटरनेट बंद असूनही प्रोग्राम थिजत असेल, तर दोष घरातच आहे. मग पुढची चाचणी करा.

चौथी पायरी : जोडलेल्या वस्तू काढून पाहा

थंडरबर्डमध्ये 'ॲड-ऑन' नावाचे छोटे प्रोग्राम जोडता येतात. ते वेगवेगळ्या लोकांनी बनवलेले असतात. मुख्य प्रोग्राम बदलतो, पण ॲड-ऑन जुनेच राहतात. नव्या चौकटीला जुनी बिजागरी बसत नाही, तशी त्यांची गत होते. २०२० सालच्या ७८ व्या आवृत्तीने जुन्या पद्धतीची ॲड-ऑन चालवणे बंद केले. पत्रे गुप्त लिपीत पाठवण्यासाठी अनेक जण 'एनिगमेल' नावाचे ॲड-ऑन वापरत. ते त्यामुळे थांबले आणि तेच काम मुख्य प्रोग्राममध्ये घेण्यात आले.

ॲड-ऑनची तपासणी सोपी आहे. शिफ्ट कळ दाबून धरा आणि विंडोजमध्ये थंडरबर्ड उघडा. तो 'ट्रबलशूट मोड'मध्ये म्हणजे तपासणीच्या स्थितीत उघडेल. या स्थितीत सगळी ॲड-ऑन बाजूला ठेवली जातात आणि पडदा रंगवण्यासाठी घेतलेली यंत्राची खास मदतही बंद होते. आता प्रोग्राम नीट चालला, तर दोष या बाजूला ठेवलेल्या वस्तूंपैकी कशात तरी आहे.

तो कसा शोधायचा? समजा, आठ ॲड-ऑन आहेत. एकेक तपासत बसलात, तर आठ वेळा खटाटोप करावा लागेल. त्यापेक्षा चार बंद करा आणि चार चालू ठेवा. प्रोग्राम थिजला, तर दोषी चालू असलेल्या चारांत आहे. नाही थिजला, तर बंद असलेल्या चारांत. मग त्या चारांचे दोन भाग करा, मग दोनांचा एक. दोषी एकच असेल, तर आठांतून तो तीनच चाचण्यांत सापडतो. सोळा असतील तर चार चाचण्या पुरतात. गणित असे कामाला येते!

पाचवी पायरी : साठा तपासा

तपासणीच्या स्थितीतही प्रोग्राम थिजत असेल, तर पत्रांच्या साठ्याकडे वळा. थंडरबर्ड साधारणपणे एका फोल्डरमधली सगळी पत्रे एकाच लांबलचक फाइलमध्ये एकापुढे एक लिहून ठेवतो. त्या फाइलशेजारी एक छोटी सूची असते. कोणते पत्र कुठे आहे, ते त्या सूचीत लिहिलेले असते. ही सूची बिघडली, की पुस्तकाची अनुक्रमणिका चुकल्यासारखे होते. धडा पुस्तकात असतो, पण सापडत नाही. अशा वेळी त्या फोल्डरवर माऊसची उजवी टिचकी द्या, 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'रिपेअर फोल्डर' निवडा. प्रोग्राम मूळ पत्रे वाचून सूची नव्याने लिहितो.

आणखी एक गंमत ऐका. तुम्ही एखादे पत्र काढून टाकले, तरी ते फाइलमधून लगेच जात नाही. त्यावर फक्त 'काढलेले' अशी खूण होते. खरी सफाई 'कॉम्पॅक्ट' ही आज्ञा दिल्यावर होते. वर्षानुवर्षे सफाई झाली नाही, तर फाइल फुगत जाते. त्यात फोटोंची भर पडते. ई-मेलमधून फोटो पाठवताना तो अक्षरांच्या रूपात लिहावा लागतो. मूळच्या ३ बाइटांची ४ अक्षरे होतात. म्हणजे ३ मेगाबाइटचा फोटो पत्रात ४ मेगाबाइटहून थोडा जास्तच जागा खातो. अशी हजार पत्रे एका फोल्डरमध्ये असतील, तर प्रोग्रामला धाप लागेल, नाही का? म्हणून जुनी पत्रे वर्षावार वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावीत. सफाई करताना मात्र हार्ड डिस्कवर पुरेशी मोकळी जागा हवी. कारण प्रोग्राम आधी फाइलची नवी स्वच्छ प्रत लिहितो आणि मग जुनी काढतो.

सहावी पायरी : पहारेकरी तपासा

व्हायरसला अडवणारा प्रोग्राम हा संगणकाचा पहारेकरी. तो प्रत्येक उघडणारी फाइल तपासतो. पत्रांची फाइल मोठी असेल आणि तिच्यात दर मिनिटाला नवे पत्र येत असेल, तर पहारेकरी ती पुन्हा पुन्हा तपासतो. दोघेही एकच फाइल धरून बसतात आणि काम खोळंबते. ई-मेलचा प्रोग्राम बदलल्यावर पहारेकऱ्याला तो अनोळखी वाटू शकतो.

याची चाचणी करण्यासाठी पहारेकऱ्याला हाकलून देऊ नका. विंडोज 'सेफ मोड'मध्ये, पण जाळे चालू ठेवून सुरू करा. या स्थितीत बाकीचे बरेचसे प्रोग्राम आपोआप सुरू होत नाहीत. इथे ई-मेल सुरळीत चालला, तर दोष शेजाऱ्यांपैकी कोणात तरी आहे. मग पहारेकऱ्याचीही नवी आवृत्ती आली आहे का, ते पाहा.

शेवटची पायरी : नवे प्रोफाइल

एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर एक नवे, रिकामे प्रोफाइल तयार करा. जुने मात्र काढू नका. नव्यात प्रोग्राम नीट चालला, तर दोष जुन्या प्रोफाइलमध्ये आहे, हे सिद्ध झाले. मग जतन केलेल्या प्रतीतून पत्रे हळूहळू नव्यात आणता येतात. नव्या प्रोफाइलमध्येही तो थिजला, तर दोष नव्या आवृत्तीत किंवा संगणकात आहे. अशा वेळी पुढच्या दुरुस्त आवृत्तीची वाट पाहावी आणि तोवर ब्राउझरमधून काम चालवावे.

"मग सरळ जुनी आवृत्तीच पुन्हा बसवू या," असे काहींना वाटते. पण नव्या आवृत्तीने प्रोफाइल आपल्या साच्यात बदलून घेतलेले असते. जुनी आवृत्ती ते उघडायला नकार देते आणि नवे प्रोफाइल तयार करायला सांगते. सुधारणेपूर्वी घेतलेली प्रत असेल, तरच परतीची वाट सोपी होते.

एक इशारा

संगणक अडला, की माणूस अस्वस्थ होतो. याचाच फायदा घेणारे भामटे असतात. "तुमच्या संगणकात बिघाड आहे, आम्ही दुरुस्त करतो," असा फोन अचानक आला, तर तो ठेवून द्या. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कोणताही प्रोग्राम बसवू नका. आपल्या संगणकाचा ताबा दुरून कोणाला देऊ नका. पासवर्ड आणि मोबाइलवर येणारा गुप्त अंक कोणालाही सांगू नका, मग तो कितीही गोड बोलो. बिघडलेला प्रोग्राम दोन दिवसांनी सुरू होईल. पण बँकेतून गेलेले पैसे परत मिळवणे फार कठीण असते.

मित्रांनो, पुढे प्रोग्राम बदलतील, त्यांची नावे बदलतील. पण ही रीत बदलणार नाही. आधी थांबा आणि नीट पाहा. मौल्यवान वस्तू सुरक्षित ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. काय केले आणि काय झाले, ते वहीत तारीख घालून लिहा. कारण नेमके कळले, की उपाय आपोआप सुचतो. डॉक्टर रोगाचे निदान असेच करतात, गवंडी गळके छत असेच शोधतो आणि विणकर तुटलेला धागा असाच शोधतो. तुमच्या घरातल्या किंवा शाळेतल्या संगणकात जपण्यासारखे काही असेल, तर त्याची एक प्रत आजच बाहेर काढून ठेवा. टपालपेटी अडल्यावर ती प्रत करू म्हटले, तर कदाचित उशीर झालेला असेल.

शब्दार्थ

आवृत्ती – नव्याने तयार केलेले रूप
ठेवा – जपून ठेवलेली मौल्यवान वस्तू
थिजणे – जागच्या जागी गोठणे
रांजण – पाणी साठवण्याचे मोठे मातीचे भांडे
कोलमडणे – कोसळणे
ताणा – कापडातील उभा धागा
बाणा – कापडातील आडवा धागा
खटाटोप – खूप धडपड
निदान – रोगाचे किंवा दोषाचे कारण ओळखणे
भामटा – फसवणारा माणूस

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जाळ्यामार्फत पहिला ई-मेल कोणी पाठवला?
(आ) थंडरबर्ड पत्रे कोणत्या फोल्डरमध्ये ठेवतो?
(इ) पत्र काढून टाकल्यावर खरी सफाई कोणत्या आज्ञेने होते?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) प्रोग्राम पुन्हा बसवूनही कधी कधी दोष का जात नाही?
(आ) 'आयमॅप' आणि 'पॉप' या पद्धतींत कोणता फरक आहे?
(इ) एका वेळी एकच गोष्ट का बदलावी?

३. कारणे द्या.
(अ) संगणक थिजताच त्याचे बटण दाबून तो बंद करू नये.
(आ) सुधारणा टाळणे हा योग्य उपाय नाही.

४. खालील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
धीर धरणे, जीव भांड्यात पडणे, हात लावणे.

५. विचार करा आणि सांगा.
बत्तीस ॲड-ऑनपैकी एक दोषी आहे. निम्मे निम्मे करून तपासल्यास तो किती चाचण्यांत सापडेल?

६. उपक्रम : तुमच्या घरातील एखादी बंद पडलेली वस्तू निवडा. तिचा दोष शोधण्यासाठी कोणत्या क्रमाने तपासणी कराल, ते आठ-दहा वाक्यांत मराठीत लिहा. विजेच्या वस्तूला हात लावण्यापूर्वी मोठ्या माणसांना विचारा.